विंगेतील माणसे आणि धावत्या मोटारी

नाटकाला गेलो की विंगेकडे पाहण्याची खोड आम्हांस लहानपणापासून आहे. इंदूर-बडोद्याकडील वाचकांना याचे नवल वाटू नये. गणेशोत्सवातील हौशी नाटकात प्रत्येक घरातील एक तरी माणूस पडदा ओढावयास किंवा पुस्तक धरावयास उभा राहिलेला असतोच. रंगमंचावरील राजा टाळ्या घेऊन जातो. त्याच्या हाती वेळेवर तलवार देणारा मात्र अंधारातच राहतो. अमेरिकेतील ‘स्टॉक कार’ शर्यतींचे प्रक्षेपण पाहताना आमचे चित्त असेच त्या अंधारातील मंडळींकडे धावते.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून विकत घेतलेली साधी मोटार. आता तसे नाव तेवढे उरले आहे. आतील सांगाडा खास शर्यतीसाठीच घडविलेला असतो. या शर्यतींचे नियमन करणारी ‘नॅस्कार’ ही संस्था १९४८ साली फ्लॉरिडातील डेटोना येथे स्थापन झाली आणि १९५९ मध्ये तेथेच अडीच मैल घेराचा, वळणांवर ३१ अंशांनी कललेला मार्ग तयार झाला. त्या मार्गावरील पहिल्याच ‘डेटोना ५००’ शर्यतीत दोन मोटारी इतक्या बरोबरीने रेषा ओलांडून गेल्या की प्रथम जॉनी बोशाँ विजयी म्हणून जाहीर झाले. पुढे छायाचित्रे व वृत्तपटाची फीत तपासली गेली आणि ६१ तासांनी विजय ली पेटी यांच्याकडे गेला. कॅमेरा धरणारा हा नुसता प्रेक्षक नसतो, याची जाणीव या खेळाला अशी प्रारंभीच झाली.

तरीही ५०० मैलांची ही शर्यत आरंभापासून अखेरपर्यंत थेट दाखविण्यास वीस वर्षे लागली. कोण इतका वेळ पाहात बसणार, ही शंका होती. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी सी. बी. एस. या दूरचित्रवाणी जाळ्याने हे धाडस केले. योगायोग असा, की त्या रविवारी पूर्व अमेरिकेत बर्फाचे वादळ होते आणि माणसे घरांत कोंडली होती. समालोचक होते व्हरमाँटचे केन स्क्वायर, दिग्दर्शक रॉबर्ट फिशमन. शेवटच्या फेरीत अग्रभागी असलेले डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो एकमेकांवर आदळले, भिंतीला धडकले आणि गवतावर जाऊन थांबले. आता आमच्या वाचकांनी क्षणभर दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून पाहावे. सारे कॅमेरे या दोघांवर रोखलेले, आणि शर्यत तर अजून संपलेली नाही! मागे राहिलेले रिचर्ड पेटी (त्याच ली पेटींचे चिरंजीव) आता आघाडीवर आले होते. त्यांना शोधून, त्यांची मोटार चौकटीत धरून, शेवटची रेषा दाखविली गेली. आणि लगेच कॅमेरा परत गवताकडे वळला, तो तेथे डॉनी, त्यांचे बंधू बॉबी आणि यारबरो हातघाईवर आलेले. सुमारे दीड कोटी लोकांनी हे घरबसल्या पाहिले. या खेळाला देशभर ओळख मिळाली ती त्या दुपारी, असे तेथील जाणकार मानतात.

हे सारे घडते कोठे? मार्गाच्या मागील आवारात उभ्या असलेल्या बिनखिडक्यांच्या लांब गाड्यांत. आत भिंतभर लहान-लहान पडदे. दिग्दर्शक कॅमेऱ्याचा क्रमांक उच्चारतो, शेजारचा तंत्रज्ञ त्याच क्षणी बटण दाबतो. मोटार तासाला ३२० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर सेकंदाला जवळजवळ ९० मीटर अंतर कापते; म्हणजे ‘तीन नंबर’ म्हणेपर्यंत ती तीन नंबरच्या हद्दीतून निघूनही गेलेली असते. म्हणून जे दिसते आहे ते मागून चालत नाही, जे होणार आहे ते मागावे लागते. दुसरीकडे कोणी पुनर्दर्शनाची चित्रे निवडीत असतो, कोणी चालक आणि त्याच्या चमूचे बिनतारी संभाषण कान देऊन ऐकत असतो, कोणी चाळीसएक मोटारींचे क्रम अचूक ठेवीत असतो. पिटमध्ये चार चाके बदलून इंधन भरण्यास दहा-बारा सेकंद पुरतात. तेवढ्यात वार्ताहराला बघायचे, समजून घ्यायचे आणि सांगायचे असते. आणि या सगळ्यांच्या आधी कित्येक दिवस, मैलोगणती केबल अंथरणारे मजूर येऊन गेलेले असतात. त्यांची नावे कोण विचारतो?

कॅमेरा मोटारीतच बसविण्याची युक्ती आम्हांस विशेष कौतुकाची वाटते. आतील चित्र वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे पाठवायचे आणि तेथून खाली उतरवायचे, अशी ती योजना. १९८३ मध्ये यारबरो यांनी डेटोना जिंकली, तेव्हा विजेत्याच्याच मोटारीतून प्रेक्षकांनी विजय पाहिला. २००१ पासून उपग्रहाच्या साहाय्याने प्रत्येक मोटारीवर नाव-बाण दिसू लागले.

यंत्रे वाढली की चुकाही वाढतात. २६ मे २०१३ रोजी शार्लट येथे मार्गावरून फिरणाऱ्या एका कॅमेऱ्याची दोरी तुटून खाली आली. काईल बुश यांच्या मोटारीचे नुकसान झाले, दहा प्रेक्षक जखमी झाले, शर्यत थांबवावी लागली. दाखविणाऱ्यांनीच पाहणाऱ्यांना इजा करावी, यासारखी नामुष्की नाही.

परंतु खरी कसोटी यंत्राची नसते. अपघातानंतर चालकाने खिडकीची जाळी खाली सोडली की तो सुखरूप आहे अशी खूण समजतात. गाडीतील दिग्दर्शकाचे डोळे त्या जाळीवर असतात. १८ फेब्रुवारी २००१ रोजी, डेटोनाच्याच अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळले. त्याच वेळी मायकेल वॉल्ट्रिप कारकिर्दीतील पहिला विजय मिळवीत होते, आणि समालोचकाच्या आसनावर त्यांचेच थोरले बंधू डॅरेल होते. भावाच्या विजयाने गहिवरलेला हा माणूस पुढच्याच क्षणी मित्राची विचारपूस करू लागला. प्रक्षेपण संपले तेव्हा मृत्यूची वार्ता जाहीर झालेली नव्हती. ती संध्याकाळी आली. अशा वेळी काय दाखवावे, ते पुन्हा किती वेळा दाखवावे, ज्याच्या घरची माणसे पडद्यासमोर बसली आहेत त्याच्या मोटारीकडे कॅमेरा किती जवळ न्यावा, हे कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी तोच प्रसंग पुन्हा उभा राहिला. विजयरेषेच्या तोंडाशी रायन न्यूमन यांची मोटार उलटली. विजेत्या चमूला त्याचे गांभीर्य ठाऊक नव्हते; त्यांनी जल्लोष केला आणि नंतर त्याबद्दल खेद व्यक्त केला. बचावकर्त्यांनी मोटारीभोवती काळे पडदे धरले. पडदा ओढणारी माणसे येथे भर प्रकाशात उभी होती, आणि कॅमेऱ्यांना दूरच राहावे लागले. दोन दिवसांनी न्यूमन आपल्या दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आले. ते चित्र प्रक्षेपणाच्या कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नव्हते. त्यांच्या चमूने प्रसिद्ध केलेले ते एक साधे छायाचित्र होते.

त्याच वर्षी साथीमुळे शर्यती बंद पडल्या, आणि १७ मे रोजी डार्लिंग्टन येथे पुन्हा सुरू झाल्या तेव्हा प्रेक्षकांची आसने रिकामी होती. समालोचकही तेथे नव्हते. शार्लटच्या स्टुडिओत पडद्यासमोर बसून ते बोलत होते. कॅमेरे धरणारे मात्र नेहमीप्रमाणे आपापल्या मचाणांवर उभे होते.