खडकीची वसाहत : पाणी, पुरे आणि उदीम

नगरांचा इतिहास बहुधा ती वसविणाऱ्या सत्ताधीशापासून सुरू होतो आणि त्याच्या वारसांच्या नामावळीत संपतो. रहिवाशांना पाणी कोठून मिळे, धान्य कसे दळले जाई, कोणत्या धंद्यावर घरे चालत, हे प्रश्न अशा लेखनात मागे पडतात. वस्तुतः नवी वसाहत टिकते की विरते, याचा निर्णय याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतो. खडकी, म्हणजेच पुढील औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, हे याचे बोलके उदाहरण होय.

अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांच्या हाती गेल्यानंतर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी नवे नगर वसविले. याच सुमारास, १६०७ मध्ये, इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाउनची वसाहत स्थापली होती. दलदलीची जागा, मचूळ पाणी आणि धान्याची टंचाई यांमुळे १६०९-१० च्या हिवाळ्यात तेथील बहुसंख्य वसाहतकरी मृत्युमुखी पडले. पुढे त्या वसाहतीला तारले ते तंबाखूच्या पिकाने, परंतु ते पीक समुद्रापलीकडील बाजारावर विसंबून होते. खडकीची परिस्थिती निराळी होती. तिच्या पाठीशी लागवडीखालील मुलूख होता, आणि त्या मुलखाच्या जमीनमहसुलाची घडी अंबरानेच बसविली होती. उणीव होती ती मोठ्या वस्तीस पुरेल अशा पाण्याची.

ही उणीव ‘नहर-ए-अंबरी’ने भरून काढली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याच्या भूगर्भातील झिरपे भुयारी मार्गात एकत्र करून, केवळ जमिनीच्या उताराच्या आधारे पाणी नगरात आणले गेले. हवा खेळती राहावी व गाळ उपसता यावा यासाठी मार्गावर ठिकठिकाणी उभी विवरे ठेवली होती. मोगलांनी १६१६ मध्ये व पुन्हा १६२१ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली, तरी वस्ती त्याच जागी पुन्हा उभी राहिली. घरे जाळता येतात, परंतु डोंगराचा उतार व भूगर्भातील झरे कोणत्याही सैन्यास लुटून नेता येत नाहीत. नंतरच्या काळातील पाणचक्कीतही हेच तत्त्व दिसते. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून सोडून जाते फिरविले जाई, आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर व यात्रेकरू यांच्यासाठी धान्य दळले जाई.

नगराची दुसरी खूण म्हणजे त्याचे पुरे. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे अंबराच्या पदरी असलेल्या मराठा सरदारांची आठवण देतात. औरंगजेबाने १६५३ मध्ये नगरास आपले नाव दिल्यानंतरच्या काळातील जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावे राजपूत सरदारांची आहेत. पुरा म्हणजे केवळ मोहल्ला नव्हे. सरदाराचा वाडा, त्याचे शिपाई, नोकरचाकर, आणि या साऱ्यांच्या गरजा भागविणारे वाणी व कारागीर मिळून तो बने. त्यामुळे तेथील उपजीविका सरदाराच्या मुक्कामाशी बांधलेली होती. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादेस गेली, तेव्हा या व्यवस्थेचा मुख्य आधार तुटला आणि अनेक पुरे ओस पडू लागले.

तथापि सर्वच धंदे सारखेच बुडाले नाहीत, आणि येथेच अभ्यासकास विचारास जागा आहे. कलाबतूचे किमखाब दरबारी ऐपतीचे वस्त्र होते, त्यामुळे दरबारच गेल्यावर त्याचा मोठा ग्राहक गेला. हिमरूत सुताच्या ताण्यावर रेशमाची नक्षी विणली जाई. विणकर मागावर बसे, तर त्याचा जोडीदार वर बसून नक्षीच्या क्रमाने जाल्याच्या दोऱ्या ओढी. किमखाबाची शोभा कमी खर्चात देणारे हे वस्त्र मध्यम ऐपतीच्या घरातही जाऊ शकले आणि म्हणून तगून राहिले. दौलताबाद व खुलदाबाद यांच्या दरम्यानच्या कागजीपुऱ्यात चिंध्या कुटून, लगदा चाळणीवर धरून व ताव घोटून कागद तयार होत असे. हा ‘दौलताबादी’ कागद मराठी दफ्तरांतही वापरला जाई. त्याचा ग्राहक एकच दरबार नव्हता. जेथे जेथे हिशेब लिहिला जाई तेथे तेथे त्याला मागणी होती.

तात्पर्य, राजाश्रयाने नगर वेगाने वाढते, परंतु ते टिकते सुलभ पाण्यावर आणि अनेक ग्राहक असलेल्या उदिमावर. या निष्कर्षाची साधने बखरी व तवारिखांपेक्षा पुऱ्यांच्या नावांत, नहरीच्या विवरांत आणि खुद्द जुन्या कागदांच्या पोतात अधिक सापडतात. नहरीचा बराच भाग शहराच्या वाढीत नष्ट झाला आहे, आणि जाल्यावर काम जाणणारे हातही विरळ झाले आहेत. लिखित दफ्तरे जपून ठेवण्याची व्यवस्था आहे, तशी या साधनांना नाही. म्हणूनच त्यांची मोजणी, नोंद व तुलना हे मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासातील अग्रक्रमाचे कार्य ठरते.