विणता विणताच जोड : घरगुती विणकाम मशीनवरील उपयुक्त हुन्नर

घरच्या मशीनवर स्वेटर, पायमोजे विणून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनींना एक अडचण नेहमी सतावते. मशीन तुकडा झपाट्याने विणून देते. परंतु तो शिवून नळीसारखा गोल करण्यात निम्मा वेळ जातो. आणि गिऱ्हाईक नाव ठेवते तेही शिवणीलाच!

हे आम्ही अनुभवाने सांगतो. एका हंगामात आमच्या घरून गेलेल्या शाळेच्या स्वेटरांपैकी अठरा नग दुकानदाराने परत पाठविले. वीण निर्दोष होती. बाहीची शिवण तेवढी उसवली होती. विणलेले कापड ताणते, आम्ही वापरलेला शिवणीचा दोरा ताणत नव्हता. मुलांनी हात वाकविला की दोरा तुटे. मजुरी बुडाली, लोकरीची उधारी मात्र फेडावीच लागली.

मशीनची मर्यादा

साध्या सपाट मशीनवर सुयांची एकच रांग असते. कॅरेज इकडून तिकडे फिरते, म्हणून सपाट पट्टीच निघते. समोरासमोर दोन रांगा असलेल्या मशीनवर जाताना पुढच्या व येताना मागच्या सुयांवर विणून बिनशिवणीची नळी काढता येते. पण ते मशीन महाग पडते, आणि दोन्ही कडांना टाके सैल पडून उभी रेघ दिसण्याचा धोका असतो. लुधियानाच्या होजिअरी कारखान्यांत जोडकामासाठी वेगळे लिंकिंग मशीन असते. जपानच्या शिमा सेकी कंपनीने तर १९९५ साली अख्खा कपडाच बिनशिवणीचा विणणारे यंत्र बाजारात आणले. घरगुती कारागिराने काय करावे?

जोडण्याची पद्धत

प्रथम बाहीचा अर्धा भाग विणून उतरवून घ्यावा. समजा, तो १२० ओळींचा झाला. आता दुसरा अर्धा भाग तेवढ्याच सुयांवर सुरू करावा. पहिला तुकडा त्याच्यापुढे, सुलट बाजू आपल्याकडे येईल असा धरावा. कॅरेज उजवीकडे आली की पहिल्या तुकड्याच्या उजव्या कडेचा एक फास उचलून शेवटच्या सुईवर अडकवावा व ओळ विणावी. कॅरेज डावीकडे गेली की डाव्या कडेला तसेच करावे. सुईवरचा टाका व अडकविलेला फास एकत्र विणले जातात, हाच जोड.

कडेला दर दोन ओळींमागे एकच फास तयार होतो. म्हणून १२० ओळींना प्रत्येक कडेला ६० जोड येतात. एक चुकला तर भोक राहते. एक जादा घेतला तर कड चुणते. यासाठी पहिला तुकडा विणतानाच दर दहा ओळींनी रंगीत दोऱ्याची खूण बांधावी. दोन खुणांमध्ये पाच फास, हा हिशेब पक्का ठेवावा. बाही रुंद करायची असल्यास दोन्ही तुकड्यांत त्याच ओळींवर टाके वाढवावेत.

फासाचे दोन्ही धागे उचलले तर जोड मजबूत पण जाडसर होतो. एकच उचलला तर पातळ होतो. मुलांच्या कपड्यांना आम्ही दोन्ही उचलतो. आधी वीस ओळींचा नमुना करून ताणून पाहावा, मगच ऑर्डरला हात घालावा.

पुढच्या हंगामात त्याच दुकानदाराने आमची बाही दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि काही न बोलता पावती लिहिली.