पर्याय झाकले तर?

आज एमएचटी-सीईटीबद्दल थोडं बोलूया. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद, वाचण्यासकट! गणिताला जरा ऐसपैस: 50 प्रश्नांना 90 मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे येत नसलं तरी चारपैकी एक ठोकायचाच.

माझी मावसबहीण यंदा बारावीला आहे. परवा तिने इंटिग्रेशनचं एक गणित चुटकीसरशी उडवलं. मी थक्क! कसं काय, विचारलं, तर म्हणाली, "सोडवलं नाही रे दादा. चारही पर्याय डिफरन्शिएट केले, जुळला तो टिक केला."

आता ही युक्ती चुकीची नाही, उत्तराचा पडताळा असाच घेतात. पण मी पर्याय झाकून तसंच दुसरं गणित दिलं, तर सुरुवात कुठून करायची तेच तिला सुचेना. पेपर तपासणाऱ्या कॉम्प्युटरला मात्र हा फरक कळायचा मार्गच नाही. आमच्याकडे कोणी टेस्ट केसची उत्तरंच कोडमध्ये लिहून ठेवली, तर सगळ्या टेस्ट पास होतात. बोंब होते ती खरा युजर आल्यावर.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण पेपरात पर्याय असणारच ना!" तेही खरंच. एक मिनिट 48 सेकंदांत मीही तेच केलं असतं.