सुनेच्या माहेरी, ब्रिटनीला

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान टीजीव्ही गाडी साधारण दीड तासात ब्रिटनी प्रांताची राजधानी रेन गाठते. व्याह्यांकडे उतरणार असाल, तर फ्रान्सच्या व्हिसासाठी त्यांनी आपल्या नगरपालिकेतून घेतलेला निवासाचा दाखला जोडावा लागतो, तोही मूळ प्रतीत. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

ब्रिटनीतल्याच कार्नाकचे सुमारे ३,००० उभे पाषाण २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत आले. ते चुकवू नका. जेवणात गॅलेट, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं. पीठ उपवासाचं, पण आत बहुधा अंडं, चीज आणि डुकराचं मांस! शाकाहारी असाल, तर विहिणीला आधीच कळवा.