टपावरचे पाच दिवे

गाडीला दिवे कशासाठी असतात, असं विचारलं तर कुणीही सांगेल, अंधारात रस्ता दिसावा म्हणून. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. गाडीला दोन जातींचे दिवे असतात. एक जात आपल्याला दिसावं म्हणून, दुसरी आपण इतरांना दिसावं म्हणून. पहिल्या जातीवर आपण हौसेनं पैसे खर्च करतो. दुसऱ्या जातीतला बल्ब गेला तर महिना-महिना गाडी तशीच चालवतो. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या जातीबद्दल, आणि उदाहरण घेतलं आहे जरा लांबचं, अमेरिकेतल्या पिकअप गाडीचं.

ओहायो राज्यात माझा भाचा राहतो. घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. त्याच्याकडे जुनी, दणकट पिकअप आहे, मागे सामानाचा ट्रेलर जोडलेला असतो. मी त्याच्याकडे दोन महिने राहून आलो. तिकडच्या मोठ्या पिकअपच्या टपावर, समोरच्या काचेच्या जरा वर, नारिंगी रंगाचे पाच छोटे दिवे ओळीनं बसवलेले दिसतात. मधे तीन जवळजवळ आणि दोन्ही कडांना एकेक. पहिल्यांदा मला ती हौसच वाटली. आपल्याकडे ट्रकवाले टपावर मोरपिसं, झालरी आणि रंगीत बल्ब लावतात, त्यातलाच प्रकार म्हणायचा. पण त्यामागे कायदा आहे.

अमेरिकेत वाहनांच्या दिव्यांसाठी संघराज्याचं १०८ क्रमांकाचं सुरक्षा मानक आहे. रुंद वाहनांना ते १ जानेवारी १९६८ पासून लागू झालं. ज्या वाहनाची रुंदी ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आहे, त्याला हे जादा दिवे लावावेच लागतात. रुंदी मोजताना बाजूचे आरसे धरत नाहीत. कडेचे दोन दिवे सांगतात, ‘मी इथपासून इथपर्यंत आहे.’ मधले तीन दिवे सांगतात, ‘येतंय ते मोठं वाहन आहे.’ या तिघांमधलं अंतरही ठरलेलं आहे, एका दिव्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सहा इंचांहून कमी नको आणि बारा इंचांहून जास्त नको. पुढच्या बाजूला रंग नारिंगी, मागच्या बाजूला लाल. मागे चार चाकं असलेल्या पिकअपची रुंदी जवळजवळ आठ फूट भरते, म्हणून तिच्या टपावर हे दिवे कारखान्यातूनच येतात. फोर्ड कंपनीनं २०१०चं मॉडेल म्हणून ‘रॅप्टर’ नावाची रुंद पिकअप काढली. तिचे तीन दिवे टपावर न ठेवता पुढच्या जाळीत बसवले. जागा बदलली, काम तेच राहिलं.

हे दिवे का लागतात, ते समजायला रात्रीचा एकेरी रस्ता डोळ्यांपुढे आणा. समोरून येणाऱ्या वाहनाचे फक्त दोन हेडलाइट दिसतात. त्या दोन ठिपक्यांवरून आपण अंदाज बांधतो. ठिपके जवळजवळ असतील तर वाहन लांब आहे. पण वाहन छोटं असलं तरी ते जवळजवळच दिसणार. अंधारात अंतर आणि आकार यांची अशी गल्लत होते. टपावर ठरावीक मापाच्या दिव्यांची ओळ दिसली, की वाहनाची उंची, रुंदी आणि जात एका नजरेत कळते. ओव्हरटेक करायचं की थांबायचं, याचा निर्णय त्या एका नजरेवर असतो.

भाच्याची गाडी ८० इंचांच्या आतली, एका चाकाची. कायद्याची सक्ती तिला नव्हती. ट्रेलर मात्र साडेआठ फुटी, म्हणजे तिथं परवानगी असलेल्या कमाल रुंदीचा. ट्रेलरवर त्याचे दिवे होतेच. तरीही टपावर दिवे लावायचे, असं त्यानं ठरवलं होतं, आणि तेही स्वतःच्या हातानं. तिकडे गॅरेजची मजुरी सामानापेक्षा महाग पडते, म्हणून घरोघर लोक पाने-पक्कड घेऊन बसतात. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. माझ्याकडे बॅटरी धरायचं आणि स्क्रू डब्यात जपून ठेवायचं काम आलं. त्यामुळे बघायला मात्र भरपूर मिळालं.

पहिलं काम भोक पाडायचं, असं मला वाटलं होतं. ते बरंच नंतरचं निघालं. आधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि काही मिनिटं गाडीला हात लावला नाही. कारण आजच्या गाड्यांत छताच्या दोन्ही कडांना, आतल्या अस्तरामागे, एअरबॅगच्या घड्या घातलेल्या असतात. तिथं चालू विजेत काम करणं धोक्याचं. मग सावलीच्या झडपा, धरायच्या मुठी, आतला दिवा, काचेच्या बाजूच्या खांबांवरची प्लास्टिकची आवरणं हे सगळं काढून छताचं अस्तर पुढच्या बाजूनं खाली घेतलं. आता टपाचा पत्रा आतून दिसू लागला. त्याला खालून आडव्या पट्ट्या असतात. भोक पट्टीवर येऊन चालत नाही, म्हणून त्यांच्या जागा आधी बघून घ्यायच्या. काही गाड्यांत या दिव्यांची वायर कंपनीनंच आत सोडलेली असते. तीही याच वेळी दिसते.

मग माप. टप सपाट नसतो, त्याला बाक असतो. म्हणून भाच्यानं दोरा ताणून मध्य काढला, टपावर कागदी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या. मधला दिवा मध्यावर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि कडेचे दोन जितके बाहेर नेता येतील तितके. दिव्याची बैठक टपाच्या बाकाला जुळते का, हे दिवा ठेवून पाहिलं. दोन्ही बाजूंचं माप तीनदा घेतलं. मी म्हटलं, “अरे, किती वेळा मोजशील?” तो म्हणाला, “मामू, पत्र्याला पाडलेलं भोक रबरानं खोडता येत नाही.”

भोक पाडताना आधी पंचानं बारीक खड्डा करायचा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग बारीक भोक, नंतर पायरीच्या ड्रिलनं मोठं. ड्रिल पत्र्यातून पलीकडे धपकन जाऊन अस्तर फाडतं, म्हणून त्याला ठरावीक खोलीवर अडवणारं कडं लावायचं. प्रत्येक दिव्याला तारेसाठी एक भोक आणि स्क्रूसाठी दोन. पत्र्याचा कीस लोहचुंबकानं आणि व्हॅक्यूमनं उचलायचा, हातानं झटकायचा नाही, कारण तो रंगात रुतून बसतो आणि गंजतो.

यानंतरची पायरी घाईत गाळली जाते, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. भोकाची कड म्हणजे उघडं लोखंड. ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. खारट पाणी आणि उघडा पत्रा एकत्र आले की गंज ठरलेला. म्हणून प्रत्येक कड कानशीनं घासून तिला प्रायमर आणि वर रंग लावायचा, तो वाळू द्यायचा. आपल्या कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेतही हेच लागू आहे. दिव्याखाली रबराची गादी येते, तिच्याभोवती सिलिकॉन लावायचं. सिलिकॉनमध्येही दोन प्रकार. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून वाळताना आम्ल सुटतं आणि ते धातूला खातं. बिनवासाचं, न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्यायचं. पाणी अडवायला लावलेल्या वस्तूनंच गंज आणला, असं व्हायला नको.

आता वायरिंग. पाचही दिवे समांतर जोडायचे, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्रपणे बारा व्होल्ट मिळतात. दिवाळीच्या जुन्या माळा आठवा. एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची, कारण ते बल्ब एकामागे एक जोडलेले असायचे. टपावर असं होऊन चालणार नाही. तिथं वापरतात तो छोटा बल्ब पावणेचार वॅटच्या आसपास असतो. पाच मिळून एकोणीस वॅट, म्हणजे साधारण सव्वा ते दीड ॲम्पियर. तीन ॲम्पियरचा फ्यूज पुरतो. एलईडी असतील तर वीज त्याहून कितीतरी कमी लागते. फ्यूज दिव्याजवळ नव्हे, वीज जिथून घेतली त्या टोकाजवळ बसवायचा. तार मधेच कुठं सोलली आणि पत्र्याला लागली, तर फ्यूज उडाला पाहिजे. तो नसेल तर तार तापते आणि गाडी पेटते.

हे दिवे पार्किंगच्या दिव्यांबरोबर लागायला हवेत, वेगळं बटण लक्षात ठेवायला लागू नये. पण नव्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. पार्किंगच्या तारेवर जादा भार टाकला तर तो बिघाड दाखवतो. त्यासाठी रिले लावतात. पार्किंगची तार रिलेला फक्त इशारा देते, दिव्यांची वीज बॅटरीकडून फ्यूजमधून वेगळी येते. पाटाचं दार उघडायला एक माणूस पुरतो, पाणी काही तो स्वतः वाहून नेत नाही, तसंच हे. छताकडून तार खाली आणायची ती काचेच्या बाजूच्या खांबातून, मूळच्या वायरिंगला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून. एअरबॅगच्या पुढून किंवा वरून ती कधीही जाऊ द्यायची नाही. अर्थची तार रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर घट्ट आवळायची. दिवा मिणमिणतो किंवा लुकलुकतो, तेव्हा बहुतेकदा दोष इथंच असतो.

सगळं झाल्यावरही अस्तर लगेच वर चढवायचं नाही. दिवे लावून पाहायचे, आणि पाण्याची नळी घेऊन टपावर पंधरा मिनिटं धार धरायची. एकानं आत बसून प्रत्येक भोकाखाली बोट फिरवायचं. ते काम माझ्याकडे होतं. बोट कोरडं निघालं, तेव्हाच अस्तर वर गेलं.

तुम्ही म्हणाल, सक्ती नसताना हा पोरगा इतका आटापिटा का करतो? त्याचं उत्तर ओहायोत नाही, आमच्या सांगली जिल्ह्यात आहे. त्याचे वडील, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, १९९८ च्या गळीत हंगामात रात्री मोटारसायकलवरून घरी येत होते. रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधा लाल कपडाही नाही. आपाचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. त्या दिवशी शेवटचा स्क्रू आवळताना एवढंच म्हणाला, “मामू, समोरच्याला आपण दिसलो पाहिजे. बाकी त्याचं तो बघेल.”

त्याच्या राज्यात आमिश पंथाचे लोक राहतात. ते मोटार वापरत नाहीत, घोडागाडीनं जातात. तिथं अशा गाड्यांच्या अपघातांमुळे २०२२ साली कायदा झाला, की घोडागाडीच्या मागच्या बाजूला वर पिवळा लुकलुकणारा दिवा हवा. काही गटांनी श्रद्धेच्या कारणानं हरकतही घेतली. पण मुद्दा लक्षात घ्या. घोडा वाहनाला ओढो की इंजिन, अंधार दोघांना सारखाच.

आपल्याकडच्या पिकअप गाड्या बऱ्याच अरुंद असतात, त्यांना टपावरच्या पाच दिव्यांची गरज नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, म्हणून टपावर ड्रिल चालवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. आणि हल्ली टपावर जे पांढरेशुभ्र झगझगीत एलईडीचे पट्टे दिसतात, ते या दिव्यांचे भाऊबंद नव्हेत. ते समोरच्याला आंधळं करतात. ओळख पटवणारा दिवा मंद असतो, डोळ्यांत खुपत नाही.

आपल्याला करायचं ते याहून सोपं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०४वा नियम रिफ्लेक्टरबद्दलच आहे. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची लाल पट्टी लावायला पत्रा पुसायचा आणि पट्टी दाबून बसवायची, एवढंच लागतं. भोक नाही, वायर नाही, फ्यूज नाही. ऊस पट्टीवर लोंबत असेल तर पट्टी असून नसल्यासारखी, तेवढं बघायचं. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. ट्रॉली बाहेर काढण्यापूर्वी एकानं मागे उभं राहावं, दुसऱ्यानं ब्रेक दाबावा, आणि लाल दिवा लागतो का, ते बघावं. मोटारसायकलवाल्यांनीही आपला मागचा दिवा असाच बघून घ्यावा. या कामाला दोन मिनिटं पुरतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)