दुकानाचे दार आतून उघडते का?

दुकानासाठी काचेचे दार करून घेताना हँडलची चकाकी आणि कुलपाची मजबुती पाहिली जाते. चोर बाहेर राहावा, एवढाच हिशेब असतो. आग लागली तर आतला माणूस किल्लीशिवाय बाहेर पडेल का, हे क्वचितच विचारले जाते.

इंग्लंडमधील संडरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १८८३ साली जिन्याच्या तळाचे दार एका वेळी एकच मूल जाईल, इतकेच उघडे ठेवून खिटी घातली होती. चेंगराचेंगरीत १८३ मुले दगावली. ढकलताच उघडणारा आडवा दांडा, म्हणजे ‘पॅनिक बार’, त्यानंतर आला.

आपल्याकडे दाराचे कुलूप बहुधा तळाशी असते. ते वाकून, किल्लीने उघडावे लागते. धुरात ते सापडणेही कठीण. त्यामुळे माणसे आत असताना ते लावूच नये. रात्री कामगार आत झोपत असतील, तर किल्लीविना उघडणारी दुसरी वाट हवीच. चुंबकीय कुलूप वीज गेली की सुटते खरे; पण बॅटरी जोडली असेल तर सुटत नाही. ते आगीच्या अलार्मशी जोडून घ्यावे.

फ्लोअर स्प्रिंग वजन पाहून निवडावी. १२ मिलिमीटर काच चौरस मीटरला ३० किलो भरते. म्हणजे मीटरभर रुंद, २.१ मीटर उंच दार ६३ किलोंचे. कमी क्षमतेची स्प्रिंग ते पेलत नाही. किनारपट्टीवर हँडल ३०४ऐवजी ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्यावे. खाऱ्या हवेत ते जास्त टिकते.