पडद्यावरचे गणित आणि शेजारचा शिक्षक

इंटरनेटवरून गणित आणि विज्ञान खरोखर शिकता येते काय, हा प्रश्न महाविद्यालयात जाणारी मुले असलेल्या अनेक घरांतून विचारला जातो. २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनीच त्याचा अनुभव घेतला. परंतु त्यापूर्वीच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एकाच विद्यापीठाने हा प्रयोग दोन प्रकारे करून पाहिला होता, आणि त्याचे निकाल अगदी भिन्न लागले. ते आपण समजून घेऊ या.

सॅन होजे स्टेट विद्यापीठात विद्युत मंडलांचा विषय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जड जात असे. २०१२ च्या उत्तरार्धात एका वर्गाने एमआयटीचे भारतीय वंशाचे प्राध्यापक अनंत अगरवाल यांच्या अभ्यासक्रमातील चित्रित पाठ घरी पाहिले. वर्गातील वेळ मात्र प्राध्यापकांच्या देखरेखीखाली गटागटाने उदाहरणे सोडविण्यात घालविला. नेहमीच्या वर्गांत ६० टक्क्यांहून कमी विद्यार्थी उत्तीर्ण होत. या वर्गात ते प्रमाण ९१ टक्के झाले.

जानेवारी २०१३ मध्ये त्याच विद्यापीठाने 'युडॅसिटी' या कंपनीबरोबर पायाभूत गणित, बीजगणित व संख्याशास्त्र हे तीन विषय पूर्णपणे इंटरनेटवरून शिकविण्यास घेतले. प्रत्येक विषयाचे शुल्क अवघे १५० डॉलर होते. पहिल्या सत्रात मात्र तिन्ही विषयांत निम्मे किंवा त्याहूनही कमी विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि जुलैत पुढील सत्र स्थगित करण्यात आले. उन्हाळी सत्रातील निकाल बरेच सुधारले. पण त्या सत्रातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते.

असे का घडले? पहिल्या सत्रात पूर्वी अनुत्तीर्ण झालेले व शाळकरी विद्यार्थीही होते. मदत उपलब्ध असूनही ती कोठे व कशी मिळते, हे अनेकांना उशिरा कळले. ज्यांनी नियमितपणे उदाहरणे सोडवून पाठविली, त्यांना यश मिळण्याची शक्यता सर्वाधिक होती, असे नंतरच्या पाहणीत दिसून आले. गणितात एक पायरी चुकली की पुढचे सारे चुकते. वर्गात शिक्षक वहीकडे पाहून ती पायरी दाखवितात; पडद्याला वही दिसत नाही.

प्राध्यापकांमध्येही मतभेद होते. वर्गाला जोड म्हणून चित्रित पाठ अनेकांना मान्य होते. शिक्षकाच्या जागी मात्र ते नको होते. याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने २०१३ मध्ये एका खुल्या पत्रात भीती व्यक्त केली, की श्रीमंत विद्यापीठांतील मुलांना प्रत्यक्ष शिक्षक लाभतील व इतरांच्या वाट्याला केवळ चित्रफीत येईल.

विद्यार्थ्यांचे मतही जपून ऐकावे लागते. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओघवते व्याख्यान ऐकताना आपण अधिक शिकलो, असे विद्यार्थ्यांना वाटले. चाचणीत मात्र स्वतः झगडून उदाहरणे सोडविणारेच सरस ठरले. उत्तम चित्रफीत पाहूनही 'समजले' असा भास होऊ शकतो, तो यामुळेच.

आपल्याकडे आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेचा 'एनपीटीईएल' हा उपक्रम २००३ मध्ये आणि 'स्वयं' २०१७ मध्ये सुरू झाला. तेथील पाठ विनामूल्य पाहता येतात. खेड्यातील मुलालाही नामवंत प्राध्यापकांना ऐकता यावे, ही थोडी गोष्ट नव्हे.

म्हणून आम्ही पालकांना एवढेच सुचवू, की मुलाला केवळ मोबाइल व इंटरनेट देऊन थांबू नये. पाठ पाहताना हाती वही असावी, आठवड्यातून एकदा चार मुलांनी एकत्र बसावे आणि अडलेले उदाहरण एखाद्या जाणत्या शिक्षकाला दाखवावे. आपल्या गावांत निवृत्त शिक्षक आहेत, सायंकाळी रिकामी असलेली सभागृहेही आहेत. सॅन होजेच्या त्या यशस्वी वर्गाला याहून फार वेगळे काही लागले नव्हते.